घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानाची हाताळणी कशी जुळवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ या पट्ट्यात घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्या मित्रांशी माझे नेहमी बोलणे होते. त्यांच्याकडून येणारे प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. उदाहरणे मुख्यतः सेस्ना १७२ एस या विमानाची घेतली आहेत, कारण ते बहुतेक सिम्युलेटरमध्ये मिळते आणि त्याच्या पुस्तिकेतील आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहता येतात. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्यातील नेहमीचे विमान १७२ पी आहे. त्याचे इंजिन १६० अश्वशक्तीचे आणि कमाल वजन २,४०० पाउंड असते, त्यामुळे येथील आकडे त्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

माझे विमान हातात ठरत नाही. सुरुवात कोठून करावी?

सुरुवात खुर्चीपासून करावी. ऐरोलीतील एका मित्राची तक्रार अशी होती, की उतरताना शेवटच्या क्षणी सेस्नाचे नाक वर येतच नाही आणि विमान पुढच्या चाकावर आपटते. त्याने एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील पट्टीची, संवेदनशीलता वाढवून पाहिली, विमानाच्या फाइलमधील आकडाही वाढवला, तरी फरक पडेना. एका रविवारी मी स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि पडद्याकडे न पाहता त्याच्याकडेच पाहत राहिलो. तो योक, म्हणजे विमान चालवण्याचे मागे-पुढे सरकणारे चाक, ओढू लागला की त्याची चाकांची खुर्ची गुळगुळीत लादीवरून मेजाकडे सरकत होती, योक पोटाला टेकत होते आणि ओढायला शेवटची तीन-चार बोटे जागाच उरत नव्हती. आम्ही खुर्चीच्या चाकांखाली सतरंजीची घडी घातली, खुर्ची थोडी खाली घेतली आणि त्याने बदललेले सगळे आकडे पूर्ववत केले. त्या दुपारी विमान पहिल्यांदा मागच्या दोन चाकांवर उतरले.

हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की आपला हात आणि पडद्यावरील विमान यांच्यामध्ये बरेच दुवे असतात. आसन, जॉयस्टिकमधील सेन्सर, संगणकातील कॅलिब्रेशन (दांड्याचा मध्य आणि टोके यांची नोंद), सिम्युलेटरमधील कर्व्ह, साहाय्याच्या सोयी, भार आणि हवामान हे सगळे पार केल्यावरच विमानाच्या स्वतःच्या आकड्यांची पाळी येते. बहुतेक वेळा दोष आधीच्या दुव्यांपैकी एकात असतो. शेवटचा दुवा आधी बदलला, तर खरा दोष तसाच राहतो आणि वर दुसरा चढतो.

जॉयस्टिक मध्यावर सोडूनही विमान हळूहळू वळते. जॉयस्टिक बिघडली असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. सिम्युलेटर बंद ठेवून विंडोजमधील गेम कंट्रोलरची खिडकी उघडावी आणि दांडा पूर्ण मोकळा सोडून त्यातील फुलीकडे अर्धा मिनिट शांतपणे पाहावे. फुली स्थिर आहे पण मध्यापासून बाजूला आहे, असे दिसले तर कॅलिब्रेशन पुन्हा केल्याने काम भागते. फुली जागच्या जागी थरथरत असेल, तर आतील पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे दांड्याची जागा मोजणाऱ्या घासत्या सेन्सरच्या, पट्टीवर धूळ बसलेली असते किंवा ती पट्टी झिजलेली असते. दांडा वेगवेगळ्या बाजूंनी सोडल्यावर फुली दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर स्प्रिंग किंवा सांधा सैल झालेला असतो, आणि त्यावर सॉफ्टवेअरमधील कोणताही आकडा उपाय नाही.

खाडीकाठच्या आपल्या हवेत पोटेन्शिओमीटरची जॉयस्टिक जून ते सप्टेंबर या काळात अधिक त्रास देते, असा माझा अनुभव आहे. यूएसबीची वायर काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा द्यावा, दांडा वीस-पंचवीस वेळा चारही बाजूंना फिरवावा आणि जॉयस्टिक पूर्ण वाळू द्यावी. एवढ्याने ती बरेचदा पुन्हा कामाला येते. हा फवारा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. मी एकदा वापरलेली जॉयस्टिक विकत घेतली होती. थरथर दाखवल्यावर विक्रेत्याने तो सिम्युलेटरचा दोष असल्याचे सांगितले आणि मी ते मान्य करून दोन महिने विमानाचे आकडे बदलत बसलो. कॅलिब्रेशनची खिडकी त्याच्यासमोर उघडली असती, तर ते दोन महिने वाचले असते. नवी जॉयस्टिक घेणार असाल, तर चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असलेली घ्यावी. तिच्यात घासणारी पट्टीच नसते. थ्रस्टमास्टरची टी १६००० एम आणि हनीकोंबचे अल्फा योक ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

डेडझोन किती ठेवावा?

डेडझोन म्हणजे मध्याजवळचा असा पट्टा, जेथे दांडा हलला तरी विमानाला काहीच पोहोचत नाही. तो थरथर झाकली जाईल एवढाच ठेवावा. हॉल सेन्सर असेल तर शून्यापासून सुरुवात करावी, जुन्या जॉयस्टिकला दोन ते पाच टक्के पुरतात. डेडझोन दहा टक्क्यांच्या पुढे नेला, की अगदी लहान दुरुस्ती करायला गेल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम काहीतरी होते. धावपट्टीच्या रेषेवर विमान डावी-उजवीकडे झुलत येण्यामागे हेही एक कारण असते.

संवेदनशीलतेचा कर्व्ह म्हणजे नेमके काय, आणि तो किती वाकवावा?

मेजावरील जॉयस्टिकचा दांडा मध्यापासून टोकापर्यंत काही सेंटिमीटरच सरकतो, तर सेस्नाचे योक त्याहून कितीतरी जास्त आत-बाहेर होते. सगळा एलिव्हेटर इतक्या आखूड प्रवासात बसवला, की बोटाच्या हलक्या हालचालीनेही नाक उचलले जाते. यावर उपाय म्हणून मध्याजवळचा प्रतिसाद सौम्य करतात, आणि त्यालाच कर्व्ह म्हणतात.

मात्र मध्यावर जे कमी केले, ते टोकाकडे भरून द्यावे लागते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, कर्व्हमध्ये साठ टक्के भाग सरळ रेषेचा आणि चाळीस टक्के भाग घनाचा आहे. दांडा वीस टक्के हलवला तर विमानाला सुमारे बारा टक्केच पोहोचतात, अर्धा हलवला तर पस्तीस, आणि पूर्ण हलवला तर पूर्ण शंभर. म्हणजे मध्यावर प्रतिसाद ०.६ पट आणि टोकाशी १.८ पट, असा तिप्पट फरक झाला. उंचीवर सरळ उडताना हे फार सुखाचे वाटते. उतरताना नाक उचलण्यासाठी दांडा बराच मागे येतो, तेव्हा हात नेमका त्या तिखट भागात असतो आणि विमान अचानक वर उसळते. पुष्कळांना हा उतरण्याच्या कौशल्यातील दोष वाटतो, पण तो कर्व्हचा परिणाम असतो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये संवेदनशीलतेचा आकडा ऋण केला की मध्य सौम्य होतो. आखूड जॉयस्टिकसाठी उणे वीस ते उणे तीसपासून सुरुवात करावी. योक लांब प्रवासाचे असेल तर शून्य ते उणे दहा पुरे. त्याच पानावरील रिॲक्टिव्हिटी कमी केल्यास हालचाल गुळगुळीत होते, पण तिला विलंबही जडतो, म्हणून मी ती पूर्णच ठेवतो. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरील पट्ट्या) यांचे कर्व्ह एलिव्हेटरसारखेच असावेत असा काही नियम नाही. पिळण्याच्या दांड्यावर रडर असेल, तर त्याला सर्वांत सौम्य कर्व्ह द्यावा.

खऱ्या विमानात हाताला जोर जाणवतो असे म्हणतात. घरी तो कसा आणावा?

साध्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकमध्ये तो आणता येत नाही. हे एकदा मान्य केले, की बाकीच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. खऱ्या सेस्नात वेग वाढेल तसे योक जड होते आणि वेग कमी होईल तसे ढिले पडते. वैमानिक त्या जोरावरून वेग ओळखतो. घरची स्प्रिंग चाळीस नॉटलाही तेवढीच आणि एकशे चाळीस नॉटलाही तेवढीच असते.

ट्रिमचा घोळ येथूनच सुरू होतो. खऱ्या विमानात वैमानिक योक हवे तेथे धरतो आणि हातावरील जोर नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. योक त्याच जागी राहते. घरी स्प्रिंग दांड्याला कायम मध्याकडे ओढत असते, त्यामुळे ट्रिम फिरवत असताना हात हळूहळू मध्याकडे सोडत जावा लागतो. दांडा धरून ठेवून ट्रिम फिरवला, तर दोन्हींचा परिणाम एकात एक मिसळतो, विमान वर जाते आणि ट्रिम फारच तिखट असल्याचा समज होतो. कृती अशी आहे: आधी दांड्याने नाक हव्या त्या कोनावर स्थिर करावे, मग ट्रिमचे छोटे छोटे टप्पे देत नाक तेथेच राहील एवढाच दांडा सोडत जावा. हा सराव चार-पाच संध्याकाळी मनापासून केला, तर विमान हातात ठरत नसल्याच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात. ट्रिम बटणाऐवजी फिरत्या चाकावर देता आला तर फारच उत्तम.

उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढले जाते. हा दोष कसा काढावा?

तो काढू नये, कारण तो दोष नाही. वैमानिकाच्या आसनावरून पाहिल्यास सेस्नाचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया, शेपटीवर आदळणारा गोलाकार वारा आणि नाक वर असताना पंख्याच्या उजव्या पात्याला मिळणारा अधिक कोन, या सगळ्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे डावीकडील ओढ. पूर्ण शक्ती आणि कमी वेग असताना ती सर्वांत जास्त असते, म्हणून उजवे पेडल दाबावे लागते. १७२ च्या रडरवर जमिनीवर असतानाच वाकवून ठेवण्याची एक छोटी पट्टी असते आणि ती समतल प्रवासाच्या वेगासाठी जुळवलेली असते. म्हणून समतल उड्डाणात घसरण दाखवणाऱ्या उपकरणातील चेंडू मध्यावर, चढताना उजवे पेडल आणि शक्ती कमी करून उतरताना किंचित डावे पेडल, हेच योग्य वर्तन आहे. समतल उड्डाणात, वारा शांत आणि दोन्ही टाक्यांतील इंधन सारखे असतानाही विमान वळत राहिले, तरच दोष शोधावा.

मे महिन्यात थेट हवामान, म्हणजे त्या वेळचे खरे हवामान, लावून उडवल्यास विमान जड वाटते. तसे का?

कारण हवा खरोखरच पातळ झालेली असते. प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश धरलेले आहे. नवी मुंबईत ३५ अंश तापमान असेल, तर दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने विमानाला आपण २,४०० फूट उंचीवर असल्यासारखे वाटते. पावसाळ्यात हवेचा दाब १,००३ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरला, तर त्यात आणखी तीनेकशे फुटांची भर पडते. पुस्तिकेत दिलेली ९६० फुटांची धाव आणि मिनिटाला ७३० फूट चढण हे आकडे प्रमाणित वातावरणातील, समुद्रसपाटीचे आणि २,५५० पाउंड वजनाचे आहेत. म्हणून कोणतीही जुळवाजुळव करण्यापूर्वी थेट हवामान बंद करावे, वारा शून्य आणि तापमान १५ अंश ठेवावे. येऊरच्या डोंगराआड नैर्ऋत्येचा वारा असताना घेतलेली चाचणी विमानाबद्दल काहीच सांगत नाही.

साहाय्याच्या सोयी चालू ठेवाव्यात का?

शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवाव्यात, हाताळणी जुळवताना मात्र सर्व बंद कराव्यात. रडर आपोआप चालत असेल, तर वर सांगितलेली डावीकडील ओढ दिसणारच नाही. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये स्थिरता वाढवणारी पट्टी पूर्ण डावीकडे, म्हणजे शून्यावर ठेवावी. ती वाढवली की सिम्युलेटर आपल्या नकळत विमानाला सावरत राहतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत फ्लाइट मॉडेल लेगसी ठेवले आहे की मॉडर्न, हेही पाहावे, मॉडर्नच हवे.

पडदा अडखळतो तेव्हा विमानही वेडेवाकडे चालते. याचा संबंध आहे का?

थेट संबंध आहे. आपण दांडा हलवतो आणि परिणाम उशिरा दिसतो, तेवढ्या वेळात आपण आणखी हलवतो, मग उलट दुरुस्ती करतो, आणि विमान झुलू लागते. दृश्याचा दर्जा थोडा खाली आणून फ्रेम स्थिर ठेवाव्यात. एक्स-प्लेनमध्ये सेकंदाला सुमारे वीसपेक्षा कमी फ्रेम झाल्या, तर काळच मंदावतो आणि विमान आळशी वाटू लागते. दिवाणखान्यातील टीव्हीला संगणक जोडला असेल, तर टीव्हीचा गेम मोड अवश्य चालू करावा. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो, तिचा विलंब हाताला चांगलाच जाणवतो.

भार आणि गुरुत्वमध्य यांना एवढे महत्त्व का?

एकच विमान भाराप्रमाणे दोन वेगळ्या स्वभावांचे होते म्हणून. १७२ एस चा गुरुत्वमध्य फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि कक्ष यांमधील भिंतीपासून, मागे ३५ ते ४७.३ इंचांच्या दरम्यान असावा लागतो, आणि वजन २,५५० पाउंड असताना पुढची मर्यादा ४१ इंच होते. गुरुत्वमध्य पुढे असेल तर विमान स्थिर पण नाकाला जड राहते; मागे असेल तर एलिव्हेटर हलका होतो आणि थोड्या ओढीनेही नाक खूप उठते. सिम्युलेटर पुष्कळदा विमान पूर्ण टाक्या आणि मनाला येईल तसा भार घेऊन सुरू करतो. चार प्रौढ आणि पूर्ण ५३ गॅलन वापरायोग्य इंधन हा भार खऱ्या १७२ ला एका वेळी सहसा पेलत नाही, पण सिम्युलेटर हरकत घेत नाही. हे गॅलन अमेरिकन असतात, म्हणजे एक गॅलन ३.७८५ लिटर आणि त्यातील पेट्रोल सुमारे ६ पाउंड. लिटर आणि किलोग्रॅमची सवय असलेल्या आपल्यासारख्यांकडून येथे हटकून चूक होते.

विमानाचे आकडे खरोखर चुकले आहेत, हे कसे ओळखावे?

मोजून ओळखावे. कागदावर वजन, उंची, तापमान आणि आरपीएम लिहून चार चाचण्या घ्याव्यात आणि प्रत्येक तीनदा करावी.

पहिली स्टॉलची, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल ढासळण्याची. फ्लॅप (पंखांच्या मागील कडेच्या खाली उतरवता येणाऱ्या पट्ट्या) वर, इंजिन मंद, आणि वेग सेकंदाला साधारण एक नॉट उतरेल अशा बेताने नाक वर. कमाल वजनाला १७२ एस सुमारे ४८ नॉटला स्टॉल होते. हा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून २,१०० पाउंडला तो सुमारे ४४ नॉट यायला हवा. हलके विमान ४४ नॉटला स्टॉल झाले म्हणून पंखांची उचल जास्त आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

दुसरी चढणीची, ७४ नॉटला. तिसरी समतल वेगाची: ८,५०० फुटांवर ७५ टक्के शक्तीला खरा वेग १२४ नॉट असायला हवा. वेगदर्शकावर तो आकडा दिसणार नाही, कारण उंचीवर दर हजार फुटांमागे दर्शित वेग खऱ्या वेगापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी मागे पडतो. हे माहीत नसल्यामुळे विमानाचा हवेचा विरोध कमी करून बसलेले पुष्कळ जण मला भेटले आहेत.

चौथी चाचणी मला सर्वांत प्रिय आहे. विमान १०० नॉटला ट्रिम करावे, दांडा हलकेच ओढून वेग दहा नॉटने उतरवावा आणि हात पूर्ण सोडून द्यावा. नाक खाली जाते, वेग वाढतो, नाक वर येते, वेग घटतो, आणि विमान लाटेवरून गेल्यासारखे वर-खाली होत राहते. या संथ झोक्याला इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक लँचेस्टर यांनी फ्युगॉइड हे नाव दिले. त्यांच्या सूत्राप्रमाणे झोक्याचा काळ केवळ वेगावर अवलंबून असतो: १०० नॉटला सुमारे २३ सेकंद. खऱ्या विमानात तो काहीसा वेगळा येतो, पण त्याच घरातला. झोके हळूहळू लहान होत विरले, तर विमानाची लांबीच्या दिशेची स्थिरता ठीक आहे. ते वाढत गेले, तर आधी गुरुत्वमध्य फार मागे नाही ना, हे पाहावे.

चाचण्यांनंतर फाइल बदलायचीच ठरवली, तर कोणता आकडा बदलावा?

आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. मायक्रोसॉफ्टच्या एफएसएक्स या जुन्या आवृत्तीत हे आकडे एअरक्राफ्ट.सीएफजी या मजकूर फाइलमध्ये, फ्लाइट ट्यूनिंग या विभागात असतात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत ते फ्लाइट मॉडेल.सीएफजी या वेगळ्या फाइलमध्ये आहेत. बहुतेक आकडे गुणक आहेत आणि १.० म्हणजे मूळ मूल्य. एका वेळी एकच आकडा, तोही ०.०५ ने बदलावा, पुन्हा चाचणी घ्यावी आणि लिहून ठेवावे.

समतल वेग चुकीचा पण चढण बरोबर असेल, तर पॅरासाइट ड्रॅगचा, म्हणजे विमानाच्या आकारामुळे होणाऱ्या हवेच्या विरोधाचा, गुणक पाहावा, कारण त्याचा प्रभाव वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. उलट, वेग बरोबर पण कमी वेगातील चढण चुकीची असेल, तर इंड्यूस्ड ड्रॅगकडे, म्हणजे उचल निर्माण करताना होणाऱ्या विरोधाकडे, वळावे. समान शक्तीला वेग हा विरोधाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून विरोध दहा टक्के वाढवूनही १२० नॉटचे जेमतेम ११६ होतात. वेगात मोठा फरक दिसत असेल, तर कारण इंजिनमध्ये शोधावे.

सर्वांत जास्त गल्लत कलण्याच्या बाबतीत होते. विमान आळशीपणे कलते अशी तक्रार असली, की लोक एलेरॉनचा गुणक वाढवतात. येथे दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. दांडा पूर्ण कडेला नेऊन धरल्यावर विमान कोणत्या स्थिर गतीने कलत राहते, ही एक. ती एलेरॉनची ताकद आणि पंखांचा कलण्याला होणारा विरोध यांवर ठरते. त्या गतीपर्यंत पोहोचायला आणि दांडा मध्यावर आणल्यावर थांबायला किती वेळ लागतो, ही दुसरी. ती जडत्व आघूर्णावर, म्हणजे फिरण्याच्या गतीतील बदलाला विमानाचे वस्तुमान करत असलेल्या विरोधावर, ठरते. सुरुवात उशिरा होते आणि दांडा सोडल्यावरही विमान कलतच राहते, असे असेल तर जडत्व आघूर्ण जास्त आहे. अशा वेळी एलेरॉनची ताकद वाढवली तर विमान तिखटही होते आणि घसरतेही. जडत्व आघूर्णाचा आकडा वजन आणि संतुलनाच्या विभागात, स्लग वर्गफूट या एककात असतो. एक स्लग वर्गफूट म्हणजे १.३५६ किलोग्रॅम वर्गमीटर.

एक्स-प्लेनमध्ये असे गुणक सापडत नाहीत. तेथे काय करावे?

एक्स-प्लेन पंखाचे आणि पात्यांचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरील बल मोजते, त्यामुळे तेथे आकृतीच बदलावी लागते. सोबत मिळणाऱ्या प्लेन मेकरमध्ये एलेरॉनची रुंदी, त्याचा कोन, गुरुत्वमध्य यांबरोबर जडत्वासाठी परिभ्रमण त्रिज्या दिलेली असते. फ्लाइटगिअरमध्ये विमानागणिक पद्धत बदलते. जेएसबीसिम या उड्डाणाचे गणित करणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या विमानांचे गुणांक एक्सएमएल फाइलमध्ये तक्त्यांच्या रूपात वाचता येतात. उड्डाणाचे शास्त्र समजून घेण्याची ओढ असणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी याच फाइल उघडायला सांगतो, कारण तेथे काहीही झाकलेले नाही.

मी विकत घेतलेल्या विमानाची फाइल उघडत नाही किंवा बदल लागू होत नाही.

बाजारातील काही विमानांच्या फाइल कुलूपबंद असतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीत बरीच विमाने इंटरनेटवरूनच प्रवाहित होतात. तेथे बदल करता येत नाही आणि करण्याचा प्रयत्नही करू नये. बाहेरून घेतलेली विमाने ठेवण्याच्या कम्युनिटी फोल्डरमधील विमानाची फाइल बदलल्यावर तिचा आकार बदलतो, आणि त्याची नोंद लेआउट.जेसन या फाइलमध्ये नव्याने करावी लागते. ही नोंद राहून गेल्याने घोळ होतो. बदललेले विकतचे विमान दुसऱ्यांना देऊ नये. आपण केलेले आकडे तेवढे सांगावेत.

सेस्नासाठी जुळवलेले कर्व्ह एअरबसला का चालत नाहीत?

कारण एअरबस ए ३२० मध्ये दांडा थेट एलिव्हेटर हलवत नाही. नेहमीच्या स्थितीत तो किती जी-भार, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट बल, आणि किती कलण्याची गती हवी, हे संगणकाला सांगतो. दांडा सोडला की विमान आहे त्या मार्गावर राहते, ट्रिम आपोआप होतो आणि ३३ अंशांपर्यंतचा कल तसाच टिकतो. म्हणून येथे सरळ रेषेचा कर्व्ह आणि अगदी लहान डेडझोन योग्य. सेस्नाच्या सवयीने सतत दुरुस्त्या करत राहिल्यास विमान अस्वस्थ होते. उतरताना ५० फुटांवर संगणक नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून आठ सेकंदांत तो उणे दोन अंशांकडे नेऊ लागतो, म्हणजे वैमानिकाला नेहमीसारखे ओढावे लागावे. आपले विमान शेवटी नाक टाकते अशी तक्रार जे करतात, त्यांच्या सिम्युलेटरने खरे तर हे वर्तन बरोबर दाखवलेले असते.

सेस्ना धावपट्टीवर तरंगत राहते, खाली बसतच नाही.

बहुधा वेग जास्त असतो. पूर्ण फ्लॅप असताना अंतिम टप्प्यात ६० ते ७० नॉट पुरेसे आहेत. पंखांचा विस्तार ३६ फूट आहे, आणि जमिनीपासून तेवढ्या उंचीच्या आत आल्यावर इंड्यूस्ड ड्रॅग कमी होतो. ७५ नॉटने आलेले विमान मग लांबवर वाहत जाते. ६५ नॉट नेमके ठेवून, हलक्या वजनाला आणखी थोडे कमी करून पाहावे. तरीही तरंगत असेल, तर थ्रॉटल (इंजिनची शक्ती ठरवणारा दांडा) मागे ओढल्यावर तो खरोखर शून्यावर येतो का, हे कॅलिब्रेशनच्या खिडकीत तपासावे. थ्रॉटल तीन-चार टक्क्यांवर अडकलेला मी अनेक घरी पाहिला आहे.

चाचणीसाठी कोणते विमानतळ घ्यावे?

लांब, सपाट आणि समुद्रसपाटीजवळचे. आपल्याला नवी मुंबईचे विमानतळ हौसेने हवे असते, आणि ते साहजिकच आहे: ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी उड्डाणे सुरू झाली, आणि धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. मात्र जुन्या सिम्युलेटरमध्ये ते मुळात नसते, आणि बाहेरून मिळवलेल्या दृश्यात धावपट्टीला कधी कधी उंचवटे असतात; त्यावर चाकांचे वर्तन तपासता येत नाही. तोवर मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी वापरावी.

घरच्या सिम्युलेटरवरील तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जातात का?

नाही. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यात घरच्या संचावरील तास मोजले जात नाहीत. प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलामुलींनी तपासणीचा क्रम, वेगांचे आकडे आणि उपकरणे वाचण्याचा सराव घरी जरूर करावा. हातावरील जोराची सवय मात्र खऱ्या विमानात प्रशिक्षकाकडूनच घ्यावी.

घरात एकच संच आहे आणि तो मी व माझी मुलगी दोघे वापरतो. एकाचे जुळवलेले दुसऱ्याला चालत नाही.

चालणार नाहीच, कारण हाताची लांबी, आसनाची उंची आणि दांड्यावरील पकड वेगळी असते. सिम्युलेटरमध्ये प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल करावे, आणि त्याच्या नावात माणूस, विमान आणि तारीख तिन्ही लिहावे. लहान हातांना बहुधा कमी वाकलेला कर्व्ह लागतो, कारण त्यांना दांडा टोकापर्यंत नेणेच जड जाते. खुर्चीची उंची खुर्चीच्याच दांड्यावरील खुणेने आणि योकची जागा मेजाच्या कडेवर रंगीत टेपने दाखवून ठेवावी, म्हणजे एक उठून दुसरा बसला की दोन मिनिटांत सगळे आपापल्या जागी येते.